ओव्हर देताना नेमके काय द्यायचे?

सदाफुली
सोमवार, रात्री १०.४०

मी गेली चौदा वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून काम करते आणि त्यांपैकी शेवटची सहा वर्षे मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात आहे. आमच्या पाळ्या सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा असतात. म्हणजे दिवसातून तीन वेळा सगळा वॉर्ड एका हातातून दुसऱ्या हातात जातो. या देण्याघेण्याला कागदोपत्री हँडओव्हर म्हणतात, आम्ही नुसते ‘ओव्हर’ म्हणतो. ‘ओव्हर दिली का’, ‘ओव्हरमध्ये सांगितले नव्हते’ ही वाक्ये परिचारिकेच्या घरातल्या मुलांनाही पाठ असतात. गेल्या महिन्यात नव्याने रुजू झालेल्या मुलींना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यांच्यातल्या एकीने विचारलेल्या ‘ओव्हरमध्ये काय सांगायचे असते?’ या साध्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पुस्तकी उत्तर मला ठाऊक होते आणि ते मी दिलेही: बेड क्रमांक, नाव, वय, निदान, दाखल होऊन किती दिवस झाले, नाडी, रक्तदाब, चालू औषधे, तपासण्या, आहार. ते सांगत असतानाच मला बेड चौदावरचे आजोबा आठवत होते. ही घटना काही वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यातली चूक जेवढी दुसऱ्याची तेवढीच माझी आहे, हे आधीच लिहून ठेवते.

पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा गेलेले हे आजोबा आमच्याकडे नऊ दिवस होते. त्यांचे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घटनेच्या दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले होते, म्हणून मूत्राशयाला सवय व्हावी यासाठी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रात्रपाळीच्या सिस्टरांनी पहाटे साडेसहाला नळी दुमडून, जुन्या हातमोज्याच्या मनगटाचे रबर कापून त्याने बांधली होती. साडेनऊला ती सोडायची होती. आठ वाजता मी ओव्हर घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, “चौदा, सीव्हीए, नवीन काही नाही, बीपी ठीक, आर.टी. फीड सहाला दिले, कॅथ आहे.” म्हणजे पक्षाघात, नाकातल्या नळीने अन्न सहाला दिले, कॅथेटर आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढचे वाक्य त्यांच्या ओठावर असणार, पण तेवढ्यात कॅज्युअल्टीतून नवीन रुग्णाची ट्रॉली आली, सोबतचे चार नातेवाईक एकदम बोलू लागले आणि आम्ही दोघी पंधरा नंबरकडे वळलो.

दहा वाजता आय-ओ चार्ट (शरीरात किती गेले आणि बाहेर किती आले याचा तक्ता) भरताना मी लघवीच्या रकान्यात शून्य लिहिले. अकराच्या सुमारास आजोबा अस्वस्थ झाले. त्यांचा डावा हात सारखा खाली, नळीकडे जात होता. ते कॅथेटर ओढून काढतील या भीतीने आम्ही तो हात बँडेजने पलंगाच्या कठड्याला सैलसा बांधला. नाडी एकशे दहाच्या वर गेली, रक्तदाब वाढला. इंटर्न डॉक्टरांनी चार्ट पाहिला, लघवी नाही आणि रक्तदाब चढलेला, म्हणून लॅसिक्स द्यायला सांगितले. ते मी दिले. लघवी वाढवणारे इंजेक्शन, आणि बाहेर जायची वाट रबराने बांधलेली! सव्वाबाराला औषधे घेऊन त्यांची सून परत आली आणि तिने सहज विचारले, “रात्रीच्या बाईंनी ही नळी बांधलीय ती अजून सोडायची नाही का?” नळी सोडल्यावर पिशवीत अकराशे मिलीलीटर लघवी उतरली. आजोबा डोळे मिटून पडले आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होते. पुढे दोन दिवस लघवी लालसर येत होती, नंतर सगळे ठीक झाले. ते तासभर हाताने आम्हाला सांगतच होते आणि आम्ही तोच हात बांधून ठेवला.

नंतर ट्रीटमेंट बुकात पाहिले, तर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेले होते, ‘कॅथ क्लॅम्प ६.३०’. म्हणजे नोंद होती, ओव्हरही झाली होती, आणि तरी जे सांगायला हवे होते तेवढेच राहिले.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की निदान, वय, इतिहास हे सगळे केस पेपरवर असते आणि ते उद्याही तिथेच असणार आहे. कागदावर हमखास नसते ते अर्धवट काम. काहीतरी सुरू केले आहे आणि ते थांबवायचे आहे, काहीतरी थांबवले आहे आणि ते पुन्हा सुरू करायचे आहे, रक्त पाठवले आहे पण रिपोर्ट आलेला नाही, डॉक्टर ‘बघतो’ म्हणून गेले आणि परत आलेले नाहीत, हे जाणाऱ्या परिचारिकेच्या डोक्यात असते आणि ती बसमध्ये बसली की तिच्यासोबत घरी जाते. म्हणून ओव्हरची सुरुवातच अर्धवट कामांपासून व्हावी, ती रुग्णाच्या उशाशी उभे राहून व्हावी, आणि घेणारीने नळ्यांना प्रत्यक्ष हात लावून घ्यावी. इतरांचे अनुभव काय आहेत? विशेषतः असहमती असल्यास जरूर लिहावी.

माजी परिसेविका
सोमवार, रात्री ११.२५

सदाफुली, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. तू लिहिलेले पटले, पण तुझ्या पिढीची एक गोष्ट तू सांगितली नाहीस, ती मी सांगते. सरकारी वॉर्डात ओव्हरचा सगळ्यात मोठा वाटा माणसांना मिळत नाही, तो सामानाला मिळतो. थर्मामीटर किती, बीपीचे यंत्र किती, कात्र्या, आर्टरी फोर्सेप, ट्रे, ऑक्सिजनच्या चाव्या, चादरी, ब्लँकेटे, शिवाय कपाटाच्या किल्ल्या. हरवले तर पाळीच्या सिस्टरकडून भरपाई, मग कोण मोजणार नाही? मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, असताना एकदा घड्याळ लावून पाहिले होते. सामानाच्या वहीला सतरा मिनिटे लागली आणि चाळीस रुग्णांना बारा. मॉर्फिन, फेंटानिलसारख्या औषधांची मोजणी, रिकाम्या ॲम्प्युलसकट, प्रत्येक पाळीला झालीच पाहिजे, त्यात कायदा आहे आणि शहाणपणही आहे. पण चादरीला तोच नियम लावणे म्हणजे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

दुसरे असे की अर्धवट कामांच्या यादीतही न मावणारी एक गोष्ट असते. जाणारी सिस्टर कधीकधी म्हणते, “मला सातवरचे काका बरे वाटत नाहीत.” नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ताप नाही, तरी बाईला बरे वाटत नाही. काल चहा मागत होते, आज मागितला नाही, एवढेच कारण असते. अशा वाक्याला कोणत्याही फॉर्ममध्ये रकाना नसतो आणि तरुण मुली ते बोलायला लाजतात, कारण कोणी पुरावा विचारला तर काय सांगायचे? माझ्या नोकरीत अशी वाक्ये पुष्कळ वेळा खरी ठरली आणि काही वेळा खोटीही ठरली; खोटी ठरली म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की आपण हजर असताना जे करतो ते आपण हजर नसतानाही होईल अशी व्यवस्था जिला लावता येत नाही, तिच्या चांगल्या शुश्रूषेवर पाणी पडते. ओव्हरची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

ब्रदर_मांजराकाठ
मंगळवार, सकाळी ७.१०

रात्रपाळी संपता संपता लिहितो आहे. तत्त्व मान्य आहे, हिशेब मांडतो. वॉर्डात छत्तीस रुग्ण, ओव्हरला वीस मिनिटे. एका रुग्णाच्या वाट्याला तेहतीस सेकंद येतात. त्यात एका बेडवरून दुसऱ्या बेडपर्यंत चालणेही आले. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आमच्याकडे रात्री छत्तीस जणांत मी एकटा आणि सोबत एक मावशी असतात. उशाशी उभे राहून, नळीला हात लावून ओव्हर द्यायची तर चाळीस मिनिटे हवीत. ती चाळीस मिनिटे कोणाच्या पाळीत धरायची? कागदावर रात्रपाळी आठला संपते आणि सकाळपाळी आठलाच सुरू होते. मधल्या वेळेला कोणी धनी नाही. मी रोज पावणेनऊला बाहेर पडतो आणि माझी एसटी साडेआठची असते. हा वेळ पाळीत मोजला जात नाही तोवर बाकी सर्व चर्चा परिचारिकांच्या भलेपणावर उभी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदाफुली
मंगळवार, दुपारी ३.०५

ब्रदर, तुमचा हिशेब बिनतोड आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवते. छत्तीसही जणांना सारखी तेहतीस सेकंदे द्यावीत असे मला म्हणायचेच नाही. उद्या घरी जाणाऱ्या आणि काहीही अर्धवट नसलेल्या वीस जणांना मिळून दोन मिनिटे पुरतात. नळ्या, पंप, रक्त, ऑक्सिजन, उपाशी ठेवलेला रुग्ण आणि माजी परिसेविकांचे ‘बरे न वाटणारे’ काका, अशा आठ-दहा जणांना उरलेला वेळ द्यावा. आपण मात्र बेड एकपासून सुरुवात करतो, पहिल्या दहांवर ऐसपैस बोलतो आणि तीस नंबरच्या पुढे धावतो. तीसच्या पुढच्या बेडवर कोण झोपला आहे हे केवळ नशिबाचा भाग असतो. पाळ्या अर्ध्या तासाने एकमेकींवर चढल्या पाहिजेत आणि तो अर्धा तास पगारी असला पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

भूल_तज्ज्ञ
मंगळवार, रात्री ९.५०

मी भूलतज्ज्ञ असून अतिदक्षता विभागात काम करतो. आमच्याकडे रुग्ण कमी आणि यंत्रे फार, त्यामुळे अर्धवट कामांचे स्वरूप वेगळे असते. एकच उदाहरण देतो. रक्तदाब टिकवून धरणाऱ्या नॉरअॅड्रिनलिन या औषधाचा पंप ‘पाचवर चालू आहे’ असे ओव्हरमध्ये सांगितले जाते. पाच म्हणजे तासाला पाच मिलीलीटर. पण पन्नास मिलीलीटरच्या सिरिंजमध्ये औषध चार मिलिग्रॅम घातले आहे की आठ, म्हणजे आमच्या भाषेत सिंगल स्ट्रेंग्थ की डबल, हे सांगितले नाही तर त्या पाचाला काहीच अर्थ नाही. पहिल्या सिरिंजमधून मिनिटाला साधारण पावणेसात मायक्रोग्रॅम जातात, दुसरीतून त्याच्या दुप्पट. रात्री डबल केलेली सिरिंज सकाळी संपली आणि सकाळच्या सिस्टरांनी नेहमीप्रमाणे सिंगल भरून पाचवरच लावली, तर रक्तदाब धाडकन खाली येतो आणि मग अर्धा तास आम्ही सगळे संसर्ग, रक्तस्राव, हृदय अशी कारणे शोधत बसतो. माझ्यासमोर हे घडलेले आहे. सिरिंजवरची चिकटपट्टी वाचायला तीन सेकंद पुरतात, पण ती वाचायची तर पंपासमोर उभे राहावे लागते, आणि ओव्हर तर काउंटरवर बसून चाललेली असते.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातील एक प्रसिद्ध प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतर बाळाला थिएटरमधून अतिदक्षता विभागात आणताना होणारा गोंधळ कमी करण्यासाठी तिथल्या डॉक्टरांनी फॉर्म्युला वन शर्यतीतील फेरारीच्या पथकाकडून धडे घेतले. पिटमध्ये गाडी आली की काही सेकंदांत चाके बदलतात आणि त्या वेळी कोणी गप्पा मारत नाही, प्रत्येकाचे काम आणि जागा ठरलेली असते, आणि गाडी कधी सोडायची हे एकच माणूस ठरवतो. रुग्णालयात त्यांनी असे ठरवले की आधी व्हेंटिलेटर, मॉनिटर, पंप जोडायचे, ते होईपर्यंत माहिती सांगायची नाही, आणि माहिती सुरू झाली की हात थांबवायचे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एका हस्तांतरणामागे होणाऱ्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आणि सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर आल्याचे दिले आहे. मला त्यातला सर्वांत मोलाचा आकडा वेगळाच वाटतो: लागणारा वेळ १०.८ मिनिटांवरून ९.४ मिनिटांवर आला. म्हणजे शिस्तीने वेळ वाढतोच असे नाही. अर्थात ते एका बाळाभोवती पाच-सहा जण होते. एका ब्रदरभोवती छत्तीस रुग्ण नव्हते.

आणि सदाफुलीताई, जाता जाता: थोड्या दिवसांसाठी घातलेले कॅथेटर काढण्याआधी ते असे बांधून-सोडून ‘सवय’ लावण्याची गरज नसते, असेच आता सामान्यतः मानले जाते. तुमच्या आजोबांची नळी मुळात बांधायलाच नको होती.

बेड_बाराचा_मुलगा
बुधवार, सकाळी ११.१५

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. गेल्या वर्षी वडिलांसोबत एका खासगी रुग्णालयात एकवीस दिवस राहिलो, त्या अनुभवावरून लिहितो. त्या एकवीस दिवसांत तिन्ही पाळ्यांना वॉर्डात हजर असलेला एकमेव माणूस मी होतो. वडिलांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, गोळी कुटून द्यावी लागते, हे मी अक्षरशः त्रेसष्ट वेळा सांगितले असेन. सांगायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा असे, तेव्हा पोटात गोळा येई. पाळी बदलताना मात्र ‘नातेवाईक बाहेर जा’ म्हणून आम्हाला काढत. सदाफुली यांच्या अनुभवात नळीचे कोडे सुनेने सोडवले, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. ओव्हरच्या वेळी आम्हाला बाहेर का काढतात?

वॉर्ड_नऊ_निशिगंधा
बुधवार, दुपारी ४.२०

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण बाहेर काढण्यामागे एक खरे कारण आहे. जनरल वॉर्डात दोन पलंगांमध्ये हातभर अंतर असते. उशाशी उभे राहून मी बेड अकराचा आजार मोठ्याने सांगितला तर तो बेड दहा, बेड बारा आणि त्यांचे सर्व पाहुणे ऐकतात. एच.आय.व्ही.ची माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या एच.आय.व्ही. आणि एड्स कायद्याने मनाई आहे. गर्भपात, विषप्राशन, मानसिक आजार, अविवाहित मुलीचे बाळंतपण, या गोष्टी उशाशी बोलण्याच्या नसतात. मी स्त्री-रोग विभागात असल्यामुळे हे रोज अनुभवते. आमच्याकडे दोन टप्पे आहेत. नाजूक गोष्टी ड्युटी रूममध्ये दार लोटून सांगतो आणि मग उशाशी जाऊन फक्त नळ्या, जखम, रक्तस्राव, चालू सलाइन एवढेच दोघी मिळून पाहतो. बाळंतिणीचा पॅड दोघींनी एकत्र पाहिल्याशिवाय मी ओव्हर घेत नाही. ‘ब्लीडिंग नॉर्मल’ या दोन शब्दांचा प्रत्येकीचा अर्थ निराळा असतो.

टेम्सकाठी
बुधवार, रात्री ११.५५

मूळची कोल्हापूरची, आता सात वर्षे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत नर्स आहे. आमच्या पाळ्या साडेबारा तासांच्या, म्हणून ओव्हर दिवसातून दोनदाच होते, सकाळी आणि संध्याकाळी साडेसातला, आणि मधला अर्धा तास दोन्ही पाळ्यांत पगारी धरलेला आहे. ब्रदर म्हणतात तो मुद्दा इथे सुटलेला आहे, हे मोकळेपणाने सांगते. संगणकावरून छापलेला कागद प्रत्येकीच्या हातात येतो आणि घरी जाताना तो गोपनीय कचऱ्याच्या कुलूपबंद पेटीत टाकावा लागतो. खिशात राहिला तर चौकशी. दिवसभर मी त्याच कागदावर टिपणे काढते, म्हणजे सगळ्यात ताजी माहिती ज्या कागदावर असते तोच शेवटी पेटीत जातो, ही गंमत लक्षात घ्यावी.

इथली एक गोष्ट आपल्याकडे यावी असे मनापासून वाटते. श्वसनाचा वेग, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देऊन एक बेरीज करतात. २०१२ मध्ये ही पद्धत देशभरासाठी आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. पाच किंवा जास्त गुण झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे, सात झाले तर आणीबाणी. ‘बीपी ठीक’ याऐवजी ‘काल दोन, रात्री तीन, आता चार’ असे सांगितले की ऐकणारीचे कान टवकारतात. माजी परिसेविकांनी लिहिलेल्या ‘बरे वाटत नाही’ला या बेरजेने थोडा आधार मिळतो. पण छापील कागदाने ओव्हर सुधारतेच असे समजू नये. तीन आठवड्यांपूर्वी काढलेले टाके कागदावर तसेच राहतात आणि बारा जणी ते निष्ठेने वाचून दाखवतात.

वर्धेकर
गुरुवार, सकाळी ९.३०

भाषेचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आमच्या रुग्णालयात मराठी, मल्याळी, हिंदीभाषक अशा सगळ्या सिस्टर आहेत आणि ओव्हर तिन्ही भाषांच्या मिसळीत होते. दोघी आपसात मल्याळममध्ये बोलल्या की तिसरीला कळत नाही अशी तक्रार आमच्या बाजूने नेहमी होते. पण आपल्या दोघी मराठीत बोलतात तेव्हा शेजारच्या केरळच्या मुलीला काय कळते, हे आपण विचारत नाही. तिसरी व्यक्ती उभी असेल तर तिला कळणाऱ्या भाषेत बोलायचे, एवढा नियम पुरेसा आहे. खरा घोळ आकड्यांचा होतो. मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांत एका अक्षराच्या फुंकरीएवढा फरक आहे. फोनवर शुगर ‘साठ’ ऐकायची की ‘सात’, इथे संदर्भाने कळते. पण इन्सुलिन ‘सात युनिट’ असेल तेव्हा? शिवाय आपल्याकडे इन्सुलिनच्या एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिट असलेल्याही बाटल्या आहेत आणि शंभर असलेल्याही, लाल टोपीची सिरिंज चाळीसची आणि केशरी टोपीची शंभरची. आम्ही आकडे एकेक अंक सुटा करून सांगतो, ‘सहा-शून्य’, आणि ऐकणारा तो परत म्हणतो. पहिले काही दिवस पोरे हसली.

गुणवत्ता_कक्ष
गुरुवार, सायंकाळी ६.४५

मी पुण्यातील एका रुग्णालयात गुणवत्ता विभागात आहे. चर्चा उत्तम असली तरी ती व्यक्तींच्या चांगुलपणावर जाते आहे, म्हणून पद्धतीबद्दल लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यांत रुग्णाच्या हस्तांतरणातील संवाद हा एक होता. ‘एसबार’ ही पद्धत सर्वांना ठाऊक असेल: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस. अमेरिकी नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांमधून ती कैसर पर्मनंटे या संस्थेच्या डॉक्टरांनी रुग्णालयात आणली. आमच्याकडे तिच्या आधारे बनवलेला दोन पानी फॉर्म आहे, दोघींच्या सह्या असतात आणि मूल्यांकनाच्या वेळी ते फॉर्म तपासले जातात. सह्यांचे प्रमाण जवळजवळ पूर्ण आहे.

सदाफुली
गुरुवार, रात्री १०.१५

गुणवत्ता कक्ष, आपण पद्धतीचा आग्रह धरता तो योग्य आहे, परंतु दोन ठिकाणी माझा आक्षेप आहे. एसबार ही एका बिघडलेल्या रुग्णाबद्दल डॉक्टरांना फोन करताना अतिशय उपयोगी पडते, मी रोज वापरते. पण छत्तीस जणांच्या वॉर्डाला ती जशीच्या तशी लावली की पार्श्वभूमीचा रकाना फुगतो आणि शिफारशीचा रकाना ‘ट्रीटमेंट चालू ठेवणे’ या तीन शब्दांनी भरतो. दुसरे, सही ही ऐकल्याची खूण नव्हे. बेड चौदाच्या दिवशी माझीही सही होती.

मला त्याऐवजी ‘आय-पास’ नावाच्या पद्धतीतले शेवटचे अक्षर महत्त्वाचे वाटते. ती निवासी डॉक्टरांसाठी बनवली होती. अमेरिका आणि कॅनडामधल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत वापरून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. तिचा शेवटचा भाग असा की घेणाऱ्याने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. आपल्याकडे ओव्हर घेणारी फक्त मान हलवते. त्या दिवशी मी एवढे जरी म्हटले असते की ‘चौदाला मी पुढच्या दोन तासांत काय करायचे आहे?’ तरी त्या सिस्टरांना नळी आठवली असती.

माजी परिसेविका
शुक्रवार, सकाळी ८.००

विचारायला धाडस लागते ग. नवीन मुलीने जुन्या सिस्टरला प्रश्न विचारला की ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असे होते. मी स्वतः तसे बोललेली आहे.

ब्रदर_मांजराकाठ
शुक्रवार, सकाळी ८.५०

आज आठ रुग्ण आधी घेतले, बाकीचे नंतर. एसटी चुकलीच, पण वादविवाद झाला नाही. पुढे बघू.

सदाफुली
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १.१०

धागा वर आणते, कारण काय झाले ते सांगायचे राहिले होते. आमच्या वॉर्डात तीन आठवडे असे करून पाहत आहोत: जाणारीने सगळ्यात आधी अर्धवट कामे असलेले बेड नंबर सांगायचे, तिथे दोघींनी चालत जायचे, नळ्यांना हात लावायचा आणि घेणारीने निदान एक प्रश्न विचारायचाच. एक प्रश्न सक्तीचा केल्यामुळे तो अविश्वासाचा राहिला नाही, नियमाचा झाला. सुरुवातीला सरासरी अडतीस मिनिटे लागत होती, आता सत्तावीसपर्यंत आलो आहोत. चादरींची मोजदाद फक्त सकाळी करायला अधिसेविकांनी (मेट्रननी) होकार दिला आहे. तोंडी, लेखी नाही. नातेवाइकांपैकी एकाला, रुग्णाची हरकत नसेल तर, उशाशी थांबू देतो. दुपारच्या दोनच्या ओव्हरला मात्र हे सगळे कोलमडते, कारण त्याच वेळी डिस्चार्ज आणि जेवणाची गाडी येते, आणि त्यावर अजून काही सुचलेले नाही.

काल सकाळी मी रात्रपाळी संपवून ओव्हर देत होते आणि घेणारी तीच मुलगी होती, जिने मला पहिला प्रश्न विचारला होता. बेड नऊपाशी मी म्हटले, “अँटिबायोटिक पाचला लावले, संपत आले असेल.” तिने नळीवरून बोट फिरवत नेले, मनगटाजवळच्या तोटीशी थांबली आणि विचारले, “सिस्टर, हा थ्री-वे बंद का आहे?” बाटली भरलेलीच होती. पहाटे सव्वापाचला त्यांना शौचाला नेताना तो मीच बंद केला होता.